पखवाजाची थाप कुठे हरवते?

अहिल्यानगरमध्ये आवाजावर लिहायचं म्हटलं की जो तो गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेकडे बोट दाखवतो. मला मात्र सावेडीतल्या फ्लॅटमधला आवाज ऐकायचा होता. दहा बाय बाराचा हॉल, टीव्हीभोवती मुठीएवढे पाच स्पीकर आणि सोफ्याआड सरकवलेला वूफर.

या वूफरचं मूळ सिनेमात. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’साठी थिएटरांत मोठाले स्पीकर लावून प्रेक्षकांच्या खुर्च्या हादरवल्या होत्या. पुढे ५.१ मधला ‘पॉइंट वन’ खास खालच्या आवाजासाठी राखला गेला आणि डीव्हीडीच्या काळात तो घरोघरी आला.

मी रमले ती होम थिएटर बसवून देणाऱ्या एका कारागिरापाशी. हे गृहस्थ स्फोटांचे सीन लावतच नाहीत. स्फोट कुठल्याही डब्यातून भारीच वाटतो. ते कीर्तन लावतात. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडावरची थाप आणि बुवांचा भरदार आवाज, एवढंच त्यांना ऐकायचं असतं.

ही परीक्षा फार नेमकी आहे. कंपनं निम्मी झाली की तेवढाच आवाज काढायला स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे व्हावं लागतं. तीन इंची पडदा साधारण १५० हर्ट्‌झच्या खाली दमतो. वूफरच्या वरच्या मर्यादेचं बटण मात्र बरेचजण ८० वर ठेवतात, कारण मोठ्या स्पीकरांसाठी तोच आकडा सांगितला जातो. मधल्या पट्ट्याला कुणीच वाली उरत नाही, आणि पुरुषी आवाजाचा पाया नेमका तिथेच असतो. बुवा नाकात बोलू लागतात. घरातले म्हणतात, बेस वाढवा. बेस वाढतो, पण खड्डा तसाच राहतो.

मग बटण १५० कडे न्यायचं. पण तेवढ्या वरचा आवाज कुठून येतो हे कानाला कळतं. सोफ्याआडून बुवा बोलायला लागतात. म्हणून वूफर टीव्हीशेजारीच हवा. त्यानंतर मागचं शून्य-एकशेऐंशीचं फेज बटण. एकच सूर वूफर आणि स्पीकर दोघे वाजवत असताना एक पडदा पुढे आणि दुसरा मागे गेला, तर सूर एकमेकांना खातात. १२० हर्ट्‌झची लाट तीन मीटरहूनही आखूड. ऐकणाऱ्यापासून डबा दीडेक मीटर पुढेमागे झाला की जुळलेलं सगळं उलटतं. कारागीर घरातल्या कुणाला तरी नेहमीच्या जागी बसवतात, बटण इकडून तिकडे करतात, आणि थाप जिथे भरीव लागेल तिथे थांबतात. हे पाहत मी तासन्‌तास बसू शकते.

एवढं करूनही खोली ऐकत नाही. बारा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये ४७ हर्ट्‌झच्या आसपासचा सूर अडकतो: भिंतीपाशी घुमतो, मध्यावर नाहीसा होतो. कोपऱ्यात डबा ठेवला तर गिऱ्हाईक खूश, कारण घुमतं जास्त. पण मग प्रत्येक थाप एकाच सुरात वाजते. चांगली जागा शोधायला कारागीर वूफर सोफ्यावर ठेवतात आणि स्वतः वाकून भिंतीच्या कडेने कान देत फिरतात. जागा सापडते ती बहुधा दारात नाहीतर कपाटापुढे. शिवाय खालच्या मजल्याचा प्रश्न असतोच. रबरी पायांनी डब्याची थरथर अडते. हवेतून स्लॅबला भिडणारा आवाज अडत नाही. खालच्यांना शब्द ऐकू येत नाहीत, फक्त धुमधुम येते.

समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन छोटे वूफर ठेवले तर तो ४७ चा फुगवटा बराच दबतो. कारागीर दर वेळी तेच सुचवतात. गिऱ्हाईक तेवढ्याच पैशांत एक मोठा मागतं.