मारू नका, मोजा

पूर्वी अमेरिकेत नाताळच्या दिवशी एक खेळ चाले. बंदुका घेऊन रानात जायचे. ज्यांनी जास्त पाखरे मारली ते जिंकले! फ्रँक चॅपमन यांनी सुचवले, पाखरे मारण्याऐवजी मोजावीत. सन १९०० च्या नाताळात २७ जणांनी ती मोजली. आता दर हिवाळ्यात हजारो लोक मोजतात.

पण अंधारात घुबड दिसणार कसे? म्हणून तांबडे फुटण्याआधीच माणसे थंडीत गुपचूप उभी राहतात. घूत्कार ऐकू आला, की वहीत नोंद. कोणते पाखरू घटले, ते अशा वह्यांवरून कळते.

आपण मात्र घुबड बोलले की अपशकुन म्हणून हुसकावतो. लहानपणी आम्हीही हुसकावले. अहो, उंदीर आपले धान्य खातो आणि घुबड उंदीर खाते. मग नुकसान कुणाचे?

उद्या पहाटे घुबड बोलले, तर कान द्या. आता तुम्हाला लिहिता येते. वहीत लिहा: एक घुबड.