खोडं पाच हजार, हेक्टर किती?

रावेर तालुक्यात केळी किती लावली असं विचारलं, की उत्तर खोडांत येतं: ‘पाच हजार खोडं, मृगबाग’ (मृगाच्या सुमारास लावलेली बाग). हेक्टरचा हिशेब कुणी मागितला तरच होतो. आता तो मोबाइल मागतो. राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच पीक नोंदवतो आणि क्षेत्र लागतं हेक्टर-आरमध्ये.

लागवड दीड बाय दीड मीटरवर असेल, तर एका खोडाला सव्वादोन चौरस मीटर जागा लागते. पाच हजार खोडांचे झाले ११,२५० चौरस मीटर, म्हणजे १ हेक्टर साडेबारा आर. सातबाऱ्याच्या पद्धतीने हे १.१२.५० असं दोन टिंबं देऊन लिहितात. मोबाइलमधल्या साध्या दशांशाच्या चौकटीत टिंब एकच, आणि घोळ तिथेच होतो. १ हेक्टर ५ आर म्हणजे १.०५. घाईत १.५ पडलं, की झाले दीड हेक्टर! एक शून्य गळालं आणि ४५ आर जमीन वाढली. गटच दोन हेक्टरांचा असेल, तर चौकटीला यात काही वावगं दिसत नाही.

यावर उपाय अवघड नाही. हेक्टर आणि आर यांना वेगळ्या चौकटी द्याव्यात, आरच्या चौकटीने ९९ च्या पुढचा आकडा घेऊ नये. १ हेक्टर ५ आर भरले, की खाली लगेच ‘सुमारे २ एकर २४ गुंठे’ असं उमटावं. आपलं रान किती एकर, हे शेतकऱ्याला पाठ असतं. चूक असेल तर ती त्याच क्षणी त्याच्या नजरेत भरेल.

राहिला खोडांसारखा मोठा आकडा भरायचा प्रश्न. अधिक-उण्याची बटणं तिकिटं किंवा माणसं मोजायला उत्तम. पाच हजारांपर्यंत पोचायला निरुपयोगी. सरकपट्टी तर त्याहून वाईट. सहा-सात सेंटिमीटरच्या पट्टीवर पाच हजार आकडे बसवले, तर बोटाखाली एकदम शेकडो येतात. लक्ष्य जितकं बारीक, तितका ते गाठायला वेळ जास्त, हा पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम इथे तंतोतंत लागू पडतो. अँड्रॉइडसाठी गूगलची शिफारसही बटणाला साधारण ९ मिलिमीटर जागा ठेवण्याची आहे.

म्हणून मोठा आकडा टाइप करणंच बरं, तेही अंकांच्या कीपॅडवर. हा कीपॅड सहज सुचलेला नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने बटणांच्या अनेक मांडण्या लोकांकडून दाबून घेतल्या, वेळ आणि चुका मोजल्या, आर. एल. डाइनिंगर यांनी १९६० मध्ये ते निष्कर्ष छापले. १९६३ मध्ये बटणांचा फोन आला, १-२-३ वरच्या ओळीत घेऊन. कॅल्क्युलेटरवर मात्र वर ७-८-९ असतात. आडतीवर दिवसभर कॅल्क्युलेटर चालवणाऱ्याची बोटं मोबाइलवर अडखळतात, ती यामुळेच.