मुदतीआधी जन्मलेलं बाळ दूध ओढत नाही, म्हणजे आईला दूध कमी आहे का?

बाळ एनआयसीयूच्या काचेआड, आई प्रसूती वॉर्डात. भेटायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'दूध येतंय ना?' बाळाला छातीशी लावलं आणि त्याने ओढलं नाही, की निष्कर्षही तयार असतो: 'हिला दूधच नाही.' हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. सहसा कारण असतं ते बाळाचं वय.

बाळ ओढत का नाही?

दूध पिताना बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एका लयीत करावी लागतात. गर्भाचे ३४ आठवडे पूर्ण होण्याच्या सुमारास ही लय जुळू लागते. त्याआधी तोंडाने पाजण्याची घाई केली तर दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणूनच सुरुवातीला नळीने थेट जठरात, मग वाटी-चमच्याने किंवा पळीने दूध दिलं जातं. इथे वयही गर्भधारणेपासून धरतात. ३० आठवड्यांना जन्मलेलं बाळ महिन्याचं झालं, तरी या हिशेबात ते ३४ आठवड्यांचंच असतं.

तोवर आईने काय करायचं?

दूध काढत राहायचं. खरी घाई इथे आहे. स्तन जितके रिकामे होतात तितकं नवं दूध तयार होतं. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर हा फीडबॅक लूप आहे. बाळ ओढत नसेल तर ते काम हाताने किंवा पंपाने करावं लागतं. प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच सुरुवात करून २४ तासांत किमान ८ वेळा, त्यातही रात्री एकदा तरी. अंगठा आणि बोटं स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागामागे ठेवून आधी छातीकडे, मग एकमेकांकडे दाबायची. स्तनाग्र ओढायचं नाही.

पहिले एक-दोन दिवस चमचाभरही निघत नाही, नुसते पिवळसर थेंब. हा चीक फेकू नका. बाळाला सुरुवातीला लागतंही तेवढंच. मुदतीआधी प्रसूत झालेल्या आईच्या दुधात सुरुवातीला प्रथिनं जास्त असतात आणि आतडी निकामी करणाऱ्या एनईसी या आजाराचा धोका त्याने कमी होतो. आईचं दूध पुरेसं येईपर्यंत मिल्क बँकेचं पाश्चराइज केलेलं दूध देता येतं. आशियातली पहिली अशी बँक डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली.

अंगावर पिणं कधी शिकतं?

शिकवणी कांगारू केअरपासूनच सुरू होते. कोलंबियातल्या बोगोटात इन्क्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. तिथे बाळ हुंगतं, चाटतं, तोंड उघडतं. पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला आधी दूध काढून रिकाम्या केलेल्या स्तनाला लावतात, म्हणजे पान्ह्याचा जोर न येता चोखण्याचा सराव होतो. डाव्या बाजूला पाजताना बाळ उजव्या हातावर घेतलं, की मान आणि डोकं नीट सावरता येतं. आज दहा मिनिटं ओढेल, उद्या चार घोट घेऊन झोपेल. हे चालायचंच, तोवर उरलेलं दूध नळीने किंवा वाटी-चमच्याने द्यायचं. मात्र पिताना बाळ निळसर पडलं किंवा श्वास थांबला, तर लगेच पाजणं थांबवून नर्सला बोलवा.

घरी गेल्यावर?

पाहुण्यांनी आणलेली बाटली बाजूलाच ठेवा. दुधाच्या बाटल्या आणि बाळाच्या दूध पावडरची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. भूक लागली की बाळ रडेलच, यावर विसंबू नका. अशी बाळं भुकेली असूनही झोपून राहतात, त्यामुळे दर दोन-तीन तासांनी उठवून पाजा. दूध पुरतंय का, हे वजनकाटा आणि दिवसातून सहा-सात वेळा ओलं होणारं लंगोट सांगतं. बाळ सलग दोन वेळा प्यायलं नाही, लुळं पडलं किंवा अंग गार लागलं, तर फॉलोअपच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठा.