कानाशीं गाणारा एक कीं अनेक ?

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांतील हिवरा आश्रम हें गांव शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळें महाराष्ट्रास परिचित आहे. ज्या विवेकानंदांच्या नांवानें तो आश्रम चालतो, ते पूर्वाश्रमीं उत्तम गायक होते आणि १८८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘संगीतकल्पतरु’ ह्या बंगाली गीतसंग्रहाच्या संपादनांत त्यांचा हात होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षांत नसते. वऱ्हाडांतील अशा गांवीं टाळ-पखवाजाचा नाद लहानपणापासून कानांवर पडतो. परंतु ख्यालगायनाची बैठक ऐकावयाची तर बहुधा दूरच्या शहराची वाट धरावी लागते. तेथील एखाद्या मुलीस गाणें शिकण्याची हौस असली, तर थोर गवयांची गांठ तिला ध्वनिमुद्रणांतूनच, म्हणजे मोबाइल व हेडफोन यांच्या द्वारें, पडावयाची. म्हणून हेडफोन कसा असावा हा प्रश्न आम्ही चैनीचा मानीत नाहीं. तो शिक्षणाचा आहे. जें यंत्र ऐकवील त्यावरच कान घडेल.

बाजारांत गेलें कीं विक्रेता संख्या सांगूं लागतो : ह्यांत कानागणिक एक ड्रायव्हर, त्यांत चार, पलीकडच्यांत आठ! ड्रायव्हर म्हणजे विजेच्या लहरींचा नाद करणारा भाग. आपण त्यास ‘ध्वनिजनक’ म्हणूं. संख्या जितकी अधिक तितकें गाणें खरें, असा ग्राहकाचा समज होतो. तो कितपत बरोबर आहे?

मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे नाद ऐकूं येतात. हवेंत पहिल्याची लहर सुमारें १७ मीटर लांब, तर दुसऱ्याची अवघी १७ मिलीमीटर. दिवाणखाना खर्जानें भरावयाचा तर पुष्कळ हवा ढकलणारा मोठा पडदा लागतो. पण तोच पडदा टिपेचे नाद काढूं लागला म्हणजे ते अरुंद झोतांत समोर जातात व बाजूस बसलेल्यास मंद ऐकूं येतात. म्हणून लाउडस्पीकरच्या पेटींत लहानमोठे ध्वनिजनक योजितात. तेथें ही कामाची वांटणी योग्यच होय.

कानाशीं मात्र दिवाणखाना नसतो. पडदा व कर्णपटल यांच्यामध्यें हवा थोडीच; ती हालविण्यास लहानसा पडदाहि पुरतो. म्हणूनच सेनहायझर कंपनीचे १९९७ सालचा एचडी ६०० व २००९ सालचा एचडी ८०० हे नामांकित हेडफोन कानागणिक एकाच ध्वनिजनकावर चालतात. कानाच्या नळींत बसविण्याच्या प्रकाराची गोष्ट निराळी. तेथें पुष्कळदां बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रांत वापरलें जाणारें ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ जातीचें चिमुकलें यंत्र घालतात. तें चपळ खरें, परंतु खर्ज आणि टीप दोन्ही एकट्यानें सांभाळणें त्यास जड जातें. म्हणून अशीं अनेक यंत्रें एकत्र बांधतात. तरीहि एटिमोटिक कंपनीच्या १९९१ सालच्या ईआर-४ नें एकाच आर्मेचरवर मोठा लौकिक मिळविला.

जेथें वांटणी आली तेथें सांधा आला. नादांची विभागणी करणाऱ्या ‘क्रॉसओव्हर’ योजनेंत सांध्याजवळचे नाद दोन ध्वनिजनक एकदमच काढीत असतात. त्यांचीं पावलें जुळलीं नाहींत, तर कांहीं नाद फुगतात आणि कांहीं परस्परांस मारतात. ह्याची कसोटी आपल्याकडे तंबोऱ्याइतकी दुसरें कोणतेंहि वाद्य घेत नाहीं. मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. घोडीवर तारेखालीं धागा सरकवून त्याची जवारी लावतात. साध्या तारेच्या नियमानें जे उपनाद उमटूं नयेत तेहि ह्या घोडीमुळें उमटतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखविलें. खर्जाच्या तारेंतून आपोआप ऐकूं येणारा स्वयंभू गांधार हा असाच उपनाद. तार एक, तेव्हां तिचा खर्ज आणि तिची जवारी एकाच ठिकाणाहून, एकजीव ऐकूं आली पाहिजे. सांधा चुकला कीं घुमारा एकीकडे व झणत्कार दुसरीकडे होतो, आणि शिकणारीस आधारस्वरच परका वाटूं लागतो.

ह्यावरून एकच ध्वनिजनक श्रेष्ठ असें मात्र ठरत नाहीं. निकृष्ट पडद्याचा एकटा ध्वनिजनक डग्गा फुगवून गवयाचे शब्द गिळतो. उलट सांधे नीट जुळविलेले अनेक ध्वनिजनक उत्तम गातात. निर्णय संख्येनें नव्हे, जुळणीनें होतो.

तेव्हां खरेदीपूर्वीं तीन गोष्टी ऐकाव्या : केवळ तंबोरा, मंद्रापासून तार सप्तकापर्यंत चढणारी एकच तान, जींत आवाजाची जात कोठेंहि बदलूं नये, आणि टाळेचा विरत जाणारा नाद. हेडफोन कानांत नीट न बसल्यास खर्ज गळतो, हेंहि पाहावें. शेवटीं वडील मंडळींस एक विनंति : जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांस ८० व मुलांस ७५ डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्यास ४० तास, एवढी मर्यादा घातली आहे, ती घरांत पाळली जावी. दुसरा हेडफोन विकत आणतां येतो, कान येत नाहीं.