कैद्यांची साथ आणि कलमांची मोजपट्टी

मे २०२० च्या पूर्वार्धात मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात सत्तरांहून अधिक कैदी व त्यांच्याबरोबर काही कर्मचारी करोनाबाधित आढळले. थोड्याच दिवसांत बाधित कैद्यांची संख्या दीडशेच्या वर गेली. ८०४ कैद्यांची क्षमता असलेल्या या कारागृहात त्या वेळी अडीच हजारांहून अधिक माणसे होती. बाहेर शासन नागरिकांना एकमेकांपासून दूर राहण्याचे बजावीत होते. आत खांद्याला खांदा लावून झोपणाऱ्यांना तो उपदेश पाळणे शक्यच नव्हते. नातेवाइकांच्या भेटी बंद झाल्या, कर्मचाऱ्यांनाही आत मुक्कामाला ठेवून दरवाजे मिटण्यात आले, तरीही रोग आत शिरलाच.

अशा प्रसंगाची कायद्याला कल्पना नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. कारागृहात साथ उद्भवल्यास कैद्यांची तात्पुरती सोय अन्यत्र करावी, अशी तरतूद १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या सातव्या कलमातच होती. ज्या परक्या सरकारला कैद्यांच्या सुखदुःखाशी फारसे कर्तव्य नव्हते, त्यानेही एवढे मान्य केले होते. ज्याला शासनाने कोंडले, त्याला स्वतःचा बचाव स्वतः करता येत नाही. त्यामुळे ती जबाबदारी कोंडणाऱ्यावर येते.

या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतलेल्या सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी कोणत्या कैद्यांना तात्पुरते सोडता येईल हे ठरविण्यासाठी प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमण्यास सांगितले. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र गुन्ह्यांतील कैद्यांचा विचार व्हावा, असे न्यायालयाने उदाहरणादाखल सुचविले होते. महाराष्ट्रात न्या. ए. ए. सय्यद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राज्यातील सुमारे पस्तीस हजार कैद्यांपैकी निम्म्यांच्या सुटकेचा मार्ग मोकळा केला. पाऊल योग्य होते. परंतु त्याची मोजपट्टी चुकीची होती. कोणास सोडावे हे प्रामुख्याने गुन्ह्याच्या कलमावरून ठरले. वय आणि प्रकृती मागे पडली. विशेष कायद्यांखालील आरोपी सरसकट वगळले गेले. रोगाने मात्र कोणाचे आरोपपत्र वाचले नाही. तो वृद्धांना, मधुमेहींना, दमेकऱ्यांना गाठीत होता.

नियमांचा हा काटेकोरपणा कोठवर गेला याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. दीर्घ शिक्षा भोगणाऱ्यांना आकस्मिक अभिवचन रजा हवी असेल, तर यापूर्वी दोन वेळा रजेवरून वेळेवर परतलेले असावे, अशी अट होती. ज्याने आयुष्यात कधी रजाच घेतली नाही, त्याने परतावे तरी कोठून? ही अट अशा कैद्यांना लागू करता येणार नाही, हे जुलै २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले. तोवर साथीचे कित्येक आठवडे सरून गेले होते.

वगळलेल्यांमध्ये फादर स्टॅन स्वामी होते. ८३ व्या वर्षी ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली व तळोजा कारागृहात ठेवण्यात आले. कंपवाताने हात थरथरत असल्याने पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा, म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने रुग्णालयात हलविल्यावर ते करोनाबाधित असल्याचे आढळले. ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा प्रश्न प्रलंबित असतानाच, त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील आरोपांविषयी कोणाचे मत काहीही असो. ते आरोप खरे की खोटे हे ठरविणारा खटला तोवर सुरूही झाला नव्हता.

दुसरी उणीव आकड्यांत दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०१९ च्या अखेरीस देशातील कारागृहांत क्षमतेच्या ११८.५ टक्के कैदी होते. २०२० मध्ये सुटकेचा एवढा गाजावाजा होऊनही हे प्रमाण ११८ टक्के राहिले, आणि २०२१ च्या अखेरीस ते १३० टक्क्यांवर पोहोचले. म्हणजे साथीचा दुसरा, अधिक घातक तडाखा बसलेल्या वर्षाच्या शेवटी तुरुंग साथीपूर्वीपेक्षाही अधिक भरलेले होते. त्यांतील कच्च्या कैद्यांचे प्रमाण याच काळात ६९ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर गेले. पाठीमागच्या दाराने काही माणसे बाहेर पडत होती, तेव्हा पुढच्या दारातून अटकेचा ओघ चालूच होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये अनावश्यक अटका टाळण्यास पुन्हा बजावले ते यामुळेच. त्याच आदेशात, रोगाच्या भीतीने किंवा बाहेरच्या परिस्थितीमुळे काही कैदी सुटकाच नाकारतील, अशीही नोंद आहे. ज्यांना तुरुंगाबाहेर तुरुंगाइतकाही निवारा नाही, अशांचा वर्ग आपल्या देशात आहे, हे यावरून ध्यानात यावे.

गर्दी आणि रोग यांचा संबंध नवा नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमधील तुरुंगांत टायफसचा ताप कैद्यांचे बळी घेई. १७५० साली तो कैद्यांबरोबर लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात पोहोचला आणि न्यायाधीश व लॉर्ड मेयरही दगावले. पुढे जॉन हॉवर्ड याने तुरुंग हिंडून पाहिले, तेव्हा निर्दोष सुटूनही तुरुंगाधिकाऱ्याची फी देता येत नाही म्हणून अडकून पडलेली माणसे त्याला आढळली. त्याच्या साक्षीनंतर १७७४ मध्ये पार्लमेंटने दोन कायदे केले: एक तुरुंगाच्या स्वच्छतेचा, दुसरा ही फी बंद करणारा.

आपल्याकडे फीची जागा जामीनदाराने घेतली आहे. जामीन मंजूर होऊनही रक्कम किंवा जामीनदार नाही म्हणून आत राहिलेला मजूर साथीत सर्वांत आधी संकटात सापडतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमाने, काही अपवाद वगळता, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्यास कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ भरल्यावर सोडण्याची सोय केली आहे, आणि त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याचे काम कारागृह अधीक्षकावरच टाकले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ही सोय जुन्या खटल्यांनाही लागू असल्याचे स्पष्ट केले. असे किती अर्ज दर महिन्याला जातात आणि किती निकालात निघतात, याचा जिल्हावार तक्ता शासनाने प्रसिद्ध करण्यास कोणतीच अडचण नसावी.