दंड भरला, गाडी सुटली

हैदराबादेत नामपल्लीच्या क्रिमिनल कोर्टात पस्तीस वर्षं वकिली करतोय. पूर्वी आया पदर डोळ्याला लावून विचारायच्या, ‘पोरगा सुटेल ना?’ आता विचारतात, ‘कॅनडाला जाता येईल ना?’

गेल्या वर्षी शाळूसोबत्याचा मुलगा आला. त्याचे वडील आणि मी जामबागेतल्या विवेकवर्धिनीत एका बाकावर बसायचो. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, कॅनडाच्या पीआरची, म्हणजे कायम वास्तव्याची, फाइल तयार. ‘काका, माझ्यावर केस वगैरे काही नाही,’ म्हणाला. मग चहाचा कप खाली ठेवत, ‘एक ड्रंक अँड ड्राइव्ह आहे. पण ते नुसतं चलान होतं.’

जून 2022, शनिवारची रात्र, जुबिली हिल्स. मित्राचा वाढदिवस. पोलिसांनी नळीत फुंकायला लावलं. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम. याचा आकडा त्याच्या तिपटीवर. गाडी जप्त. मग गोशामहलच्या ट्रॅफिक ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये कौन्सेलिंग. तिथं घरचं माणूस सोबत न्यावं लागतं. वडिलांना सांगायची छाती नव्हती, म्हणून आईला नेलं. त्यानंतर मॅजिस्ट्रेटसमोर रांग. पुढचे सगळे ‘कबूल’ म्हणत होते, हाही म्हणाला. दंड भरला, गाडी सुटली, प्रकरण मिटलं. असं त्याला वाटलं.

हेल्मेट नाही म्हणून मोबाइलवर भरतो तो दंड तडजोडीचा. कोर्टात गुन्हा कबूल करून भरतो तो शिक्षेचा. मोटार वाहन कायद्याचं कलम 185. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. याला दंडावर सोडलं, तरी कागदावर तो दोषी ठरलेला माणूस. रांगेतल्या शंभरातल्या किती जणांना हे कळलेलं असतं? कोर्टात कुणी सांगत नाही आणि खरं सांगायचं तर आम्ही वकीलही सांगत नाही. लवकर उरकावं, हाच सल्ला असतो.

गंमत अशी, की आपल्या सरकारची याला काही आडकाठी नाही. 1967 च्या पासपोर्ट कायद्यात जुन्या शिक्षेमुळे पासपोर्ट नाकारायचा, तर गुन्हा नैतिक अधःपाताचा हवा, शिक्षा किमान दोन वर्षांची हवी आणि तीही गेल्या पाच वर्षांतली. खरा खोळंबा होतो तो चालू खटल्यांचा. नवऱ्यासकट सासरच्या पाच जणांवर हुंड्याची केस, त्यातला दीर दुबईत, पासपोर्ट संपत आलेला; असे अशील माझ्याकडे नेहमीचे. खटला चालू असला की पासपोर्ट अडतो. मात्र 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेनं वाट ठेवली आहे: ज्या कोर्टात खटला, त्याची परवानगी आणा. कोर्टानं मुदत लिहिली नाही, तर पासपोर्ट फक्त एका वर्षाचा मिळतो. म्हणून अर्जातच मुदत मागून घ्यावी. ही एक ओळ राहिली म्हणून दरवर्षी कोर्टाच्या पायऱ्या चढणारी माणसं मी पाहिली आहेत.

कॅनडाचा हिशेब निराळा. हैदराबादच्या मॅजिस्ट्रेटनं काय शिक्षा दिली, हे तिथं मोजत नाहीत. तोच गुन्हा कॅनडात घडला असता, तर जास्तीत जास्त किती शिक्षा होऊ शकली असती, ते पाहतात. दारू पिऊन गाडी चालवण्याची ही मर्यादा तिथं 18 डिसेंबर 2018 पासून पाच वर्षांवरून दहा वर्षं झाली. त्यामुळे आमच्या मुलाचं ‘चलान’ तिकडं गंभीर गुन्ह्यांच्या खान्यात गेलं. नानकरामगुड्याच्या अमेरिकन कॉन्सुलेटात याच गोष्टीसाठी बहुधा त्यांच्या ठरलेल्या डॉक्टरकडे तपासणीला पाठवतात. दारूचं व्यसन आहे का, ही त्यांची काळजी. एकच रात्र, एकच नळी आणि दोन देशांची दोन मापं.

त्याच्या कन्सल्टंटनं सोपा उपाय सांगितला होता: ‘नो’वर टिक करा, कोण बघतंय? मी म्हटलं, ‘अरे, पीसीसी तर लागणारच ना?’ पीसीसी म्हणजे पोलीस क्लिअरन्स. अर्ज पासपोर्ट खात्याकडे, फी पाचशे रुपये, चौकशी पोलिसांची. समजा तिथं काही उमटलं नाही, तरी खोटं लिहिल्याचं पुढं कधी उघडकीस आलं, तर कॅनडाची दारं पाच वर्षं बंद. गुन्ह्याला निदान माफीचा रस्ता आहे. त्याला तिकडं रिहॅबिलिटेशन म्हणतात. शिक्षा पुरी झाल्यापासून पाच वर्षांनी अर्ज करता येतो. याची शिक्षा म्हणजे दंडच, त्यामुळे पावतीवरची तारीख महत्त्वाची. ती पावती गाडीच्या डॅशबोर्डमध्ये विरून गेली होती. शेवटी कोर्टातून निकालाची सर्टिफाइड कॉपी काढली, तेव्हा तारीख हाती लागली. म्हणजे 2027 चा पावसाळा.

आई चिलकूरच्या बालाजीला अकरा प्रदक्षिणा घालून आली. व्हिसा मिळाल्यावर एकशे आठ घालायच्या असतात. मला विचारत होत्या, ‘भावजी, गुडघ्याचं ऑपरेशन त्याआधी करून घेऊ की नंतर?’

अर्जासोबत त्या रात्रीबद्दल स्वतःच्या शब्दांत निवेदन द्यायचं आहे. पहिल्या मसुद्यात त्यानं लिहिलं, मित्रांनी आग्रह केला. मी खोडलं. दुसऱ्यात लिहिलं, कॅब मिळत नव्हती. तेही खोडलं. चौथा मसुदा परवा आला. मित्राचा वाढदिवस त्यात अजून आहेच.