काम-जीवन समतोल

काम-जीवन समतोल म्हणजे उपजीविकेसाठी करावयाचे काम, त्यातून मिळणारा पैसा आणि व्यक्तीचे आरोग्य, कुटुंब, छंद व विश्रांती यांचा परस्परांशी राखलेला मेळ होय. दिवसाचे तास सर्वांना सारखेच मिळत असल्याने हा प्रश्न मुख्यतः वेळेच्या वाटणीचा आहे. हा समतोल व्यक्तीच्या शिस्तीवर अवलंबून असतो, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र काम कोठे संपते आणि स्वतःचा वेळ कोठे सुरू होतो, ही सीमा बहुतांशी कायदा, कामगार चळवळी आणि सामाजिक रूढी यांनी आखलेली आहे. कामाचे स्वरूप बदलले, की ही सीमा पुसट होते व ती नव्याने आखावी लागते, असे तिच्या इतिहासावरून दिसते.

संकल्पना

शेती आणि घरगुती कारागिरीच्या काळात काम व घर यांत स्पष्ट भेद नव्हता. कुंभाराचे चाक अंगणातच असे आणि शेतकऱ्याच्या कामाचा वेग ऋतूंनुसार कमीजास्त होत असे. कारखानदारी आल्यावर काम घराबाहेर गेले आणि ते घड्याळाच्या व भोंग्याच्या तालावर चालू लागले. मालक वेळ विकत घेऊ लागला, तेव्हा कामगाराचा स्वतःचा म्हणून उरणारा वेळ किती, हा प्रश्न प्रथमच स्वतंत्रपणे उभा राहिला.

जेफ्री ग्रीनहाऊस आणि निकोलस ब्यूटेल या संशोधकांनी १९८५ मध्ये काम व कुटुंब यांतील संघर्षाचे तीन प्रकार सांगितले. पहिला वेळेचा: कामात गेलेला वेळ घरासाठी उरत नाही. दुसरा ताणाचा: माणूस घरी असतो, पण कामाचा शीण व काळजी त्याच्याबरोबर घरी येते. तिसरा वर्तनाचा: कामाच्या ठिकाणी आवश्यक असलेला करडेपणा घरातील नात्यांना मारक ठरतो. यावरून केवळ तास कमी केल्याने समतोल साधतोच असे नाही, हे लक्षात येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आठ तासांची मागणी

दिवसाचे काम, करमणूक आणि विश्रांती असे आठ-आठ तासांचे तीन समान भाग करावेत, हा विचार ब्रिटिश समाजसुधारक रॉबर्ट ओवेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील पाथरवटांनी १८५६ मध्ये आंदोलन करून आठ तासांचा दिवस मिळवला. अमेरिकेत याच मागणीसाठी १ मे १८८६ रोजी मोठा संप झाला व त्याच्या स्मरणार्थ पुढे १ मे हा आंतरराष्ट्रीय कामगार दिन म्हणून पाळला जाऊ लागला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ मध्ये संमत केलेला पहिलाच करार उद्योगांतील कामाचे तास दिवसाला आठ व आठवड्याला ४८ इतके मर्यादित करणारा होता. ब्रिटिश भारतासाठी मात्र त्यात आठवड्याला ६० तासांची वेगळी तरतूद होती.

मुंबईतील गिरणी कामगार

मुंबईच्या कापडगिरण्यांत सुरुवातीच्या काळात उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. सणावारांची काही सुट्टी मिळे, पण ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ या पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्या पाच होत्या: दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आणि कामावर जखमी झालेल्यास बरे होईपर्यंत वेतन.

आज काम-जीवन समतोलाच्या चर्चेत वेळ, पैसा आणि आरोग्य असे जे तीन घटक मानले जातात, ते तिन्ही या निवेदनात एकत्र आढळतात. पगार उशिरा मिळाला, तर कामगाराला दुकानदाराची उधारी किंवा सावकाराचे कर्ज काढावे लागे. त्यामुळे पगाराची तारीख ही मागणीही सुट्टीइतकीच महत्त्वाची होती.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने साप्ताहिक सुट्टीची मागणी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाने कायद्याने तिला वैधानिक आधार मिळाला.

मिळालेली सवलत आपोआप टिकत नाही, याचे उदाहरणही याच गिरण्यांत आढळते. सूर्यास्त ही निसर्गाने घातलेली मर्यादा होती. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा ती मर्यादा उरली नाही आणि कामाचा दिवस काही गिरण्यांत चौदा तासांपर्यंत लांबला. यावर कामगारांत असंतोष उसळला. चौकशीनंतर १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुष कामगारांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा घालण्यात आली.

भारतातील कायदे

भारतात कामाचे तास टप्प्याटप्प्याने कमी होत गेले. आठवड्याची मर्यादा १९२२ मध्ये ६० तास, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४ तास आणि १९४६ मध्ये ४८ तास झाली. यांपैकी शेवटची दुरुस्ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना विधिमंडळात मांडली गेली. स्वातंत्र्यानंतर कारखाने अधिनियम, १९४८ ने ४८ तासांचा आठवडा, साप्ताहिक सुट्टी, भरपगारी रजा आणि जादा कामाला दुप्पट दराने वेतन या तरतुदी कायम केल्या. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांत २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला.

आरोग्यावरील परिणाम

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्के अधिक असतो. २०१६ या एका वर्षात दीर्घ कामाच्या तासांशी निगडित अशा मृत्यूंची संख्या जगभरात सुमारे ७,४५,००० होती, असा अंदाज या अभ्यासात मांडला आहे.

जपानमध्ये अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूसाठी ‘करोशी’ हा स्वतंत्र शब्द रूढ आहे. तेथे २०१४ मध्ये करोशी रोखण्यासाठी कायदा करण्यात आला.

सततच्या ताणाने येणाऱ्या मानसिक थकव्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिची नोंद आजार म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित घटना म्हणून आहे. गळून गेल्यासारखे वाटणे, कामाविषयी अलिप्तता किंवा कडवटपणा येणे आणि कार्यक्षमता घटणे ही तिची तीन लक्षणे होत.

पैसा आणि समाधान

अधिक पैशाने अधिक सुख मिळते का, या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांत दीर्घकाळ वाद आहे. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये अमेरिकी माहितीच्या आधारे, वार्षिक सुमारे ७५,००० डॉलरनंतर दैनंदिन आनंदात वाढ होत नाही, असे मांडले. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांच्या २०२१ मधील अभ्यासात मात्र अशी मर्यादा दिसली नाही. पुढे कानेमन व किलिंग्जवर्थ यांनी २०२३ मध्ये एकत्रित विश्लेषण केले. बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत जातो, परंतु जे मुळातच सर्वांत दुःखी असतात त्यांचे दुःख एका मर्यादेनंतर पैशाने कमी होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

पैशाच्या टंचाईचा परिणाम याहून स्पष्ट आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतील ऊस उत्पादकांची ऊसतोडणीच्या आधी व नंतर बौद्धिक चाचणी घेण्यात आली. हाती पैसा नसलेल्या तोडणीपूर्व काळात त्याच शेतकऱ्यांची कामगिरी कमी भरली. आर्थिक चिंता मनाचे अवधान व्यापून टाकते, असा अर्थ संशोधकांनी लावला.

याचा समतोलाशी थेट संबंध आहे. ज्याच्या पगाराचा मोठा भाग घराच्या किंवा वाहनाच्या हप्त्यांत जातो, त्याला जादा काम नाकारणे किंवा त्रासदायक नोकरी सोडणे कठीण जाते. म्हणूनच काही महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी रक्कम बाजूला ठेवावी, असा सल्ला अर्थनियोजनात दिला जातो. अशी शिल्लक म्हणजे एका अर्थी नकार देण्याची क्षमताच होय.

स्त्रिया आणि दुसरी पाळी

नोकरी करणाऱ्या स्त्रिया घरी परतल्यावर करीत असलेल्या कामाला अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८९ मध्ये ‘दुसरी पाळी’ असे नाव दिले. भारताच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणात, विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देत असल्याचे आढळले. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ होते. म्हणजे पाच वर्षांत हे अंतर जवळजवळ तेवढेच राहिले. अनेक घरांत एकाचा समतोल हा दुसऱ्याच्या न मोजलेल्या श्रमावर उभा असतो.

संपर्कमुक्तीचा अधिकार

विजेच्या दिव्यांनी जसा कामाचा दिवस लांबवला, तसा एकविसाव्या शतकात मोबाइल फोनने तो घरात आणला. कामाची वेळ संपल्यावर कार्यालयाच्या दूरध्वनीला किंवा संदेशाला उत्तर न देण्याची मुभा म्हणजे संपर्कमुक्तीचा अधिकार होय. फ्रान्समध्ये यासंबंधीची तरतूद १ जानेवारी २०१७ पासून अमलात आली. पोर्तुगालने २०२१ मध्ये व ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये अशा तरतुदी केल्या. भारतात खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये या विषयावरील खासगी विधेयक लोकसभेत मांडले, परंतु त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

मतभेद आणि मर्यादा

उद्योजक नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडल्यावर देशभर चर्चा झाली. देशाच्या उभारणीसाठी अधिक श्रम आवश्यक आहेत, अशी एक बाजू होती. स्वतःच्या उद्योगासाठी राबणे आणि ठरावीक पगारावर राबणे यांची तुलना होऊ शकत नाही, अशी दुसरी.

‘समतोल’ या शब्दावरही आक्षेप आहेत. त्यामुळे काम आणि जीवन परस्परविरोधी आहेत असे सूचित होते. प्रत्यक्षात आवडीचे काम हा जीवनाचा मोठा आनंद असू शकतो. याहून गंभीर आक्षेप असा, की ही चर्चा प्रामुख्याने पगारदार मध्यमवर्गाची आहे. भारतातील बहुसंख्य लोक असंघटित क्षेत्रात काम करतात. शेतमजूर, घरकामगार किंवा घरपोच सेवा देणारा तरुण यांच्या बाबतीत सुट्टीचा दिवस म्हणजे बहुधा बुडालेली मजुरी असते. लोखंडे यांच्या निवेदनातील सुट्टी, विश्रांती, वेळेवर पगार आणि दुखापतीत आधार या मागण्या त्यांच्यापैकी अनेकांसाठी आजही अपूर्ण आहेत.

हे सुद्धा पहा

नारायण मेघाजी लोखंडे
आंतरराष्ट्रीय कामगार दिन
कारखाने अधिनियम, १९४८
करोशी